दाजी, नडगी आणि यवतेश्वरचा उतार

दाजींना विचारूनच हे लिहितेय. "लिही की, पण दुकानाचं नाव घालू नगंस," एवढीच त्यांची अट.

मी साताऱ्यात फिजिओथेरपी करते. पळून पाय दुखावलेली माणसं आमच्याकडे वर्षभर येतात आणि पावसाळ्यात जरा जास्तच येतात. २०१२ पासून इथे हिल हाफ मॅरेथॉन होते, २१ किलोमीटरची. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन परत फिरायचं. तेव्हापासून गावाला पळण्याचं वेडच लागलंय. हे वेड चांगलं आहे, त्यावर माझं पोट चालतं म्हणून नव्हे. पण दाजींचं प्रकरण घरातलं. त्यात ते चुकले तशी मीही चुकले, म्हणून ते सविस्तर सांगण्यासारखं वाटतं.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे मिस्टर. वय ४६. खत-बियाण्यांचं दुकान. सकाळी नऊ ते रात्री आठ खुर्चीत. गोण्या हमाल उचलतो, दाजी बिलं करतात आणि येईल त्या गिऱ्हाइकाबरोबर चहा पितात. बाविशीपर्यंत कबड्डी खेळायचे, चढाईला. ही कबड्डी लक्षात ठेवा, सगळ्या गोंधळाचं मूळ तिच्यात आहे.

गेल्या वर्षी दासनवमीला सगळे सज्जनगडावर गेलो होतो. पायऱ्या चढताना दाजी तीनदा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा त्यांची नववीतली मुलगी वरून ओरडली, "पप्पा, आज्जी पुढं गेली!" दाजी हसले. पण घरी येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारातून बूट आणले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला मैदानावर हजर. सोबत पुतण्या. वय २२, पोलीस भरतीची तयारी करणारा.

भरतीच्या पोरांचं सगळं जग १६०० मीटरभोवती फिरतं. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पळालं की २० पैकी २० गुण. पुतण्याने काकांना तोच मंत्र दिला, "काका, पहिल्या राउंडला मागं राहायचं न्हाय." काका मागे राहिले नाहीत. साधारण चारशे मीटरची एक फेरी त्यांनी चढाईला निघाल्यासारखी मारली. दुसरी अर्धी झाली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कुंपणाला धरून उलटी केली. आक्काचा मला फोन आला तेव्हा पावणेसहाही झाले नव्हते.

आधी तपासणी

माझ्याकडे आले तेव्हा वजन ८८ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३१ च्या वर. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ नंतरच जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याला कमी वजनातच साखर आणि हृदयाचा त्रास गाठतो. कंबर १०६ सेंटिमीटर. पुरुषांना ९० ची मर्यादा आहे. रक्तदाब १४६/९२. बसल्या जागी नाडी ८४.

आम्ही व्यायाम सुरू करण्याआधी सात साधे प्रश्न विचारतो. छातीत दुखतं का, चक्कर येते का, हृदयाचा काही त्रास कोणी सांगितलाय का, अशा धर्तीचे. दाजींची सगळी उत्तरं 'नाही' होती. एवढ्यावर थांबले असते तर कागदावर सगळं ठीक दिसलं असतं. पण त्यांचे वडील ५८ व्या वर्षी हृदयविकाराने गेलेत, हे मला घरातली म्हणून माहीत होतं. त्यात मैदानावर अंधारी आलेली. मी सरळ फिजिशियनकडे पाठवलं. ईसीजी झाला, टीएमटी (पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) झाली, दोन्ही नीट निघाले. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१. साडेसहाला मधुमेह म्हणतात, म्हणजे दाजी उंबऱ्यावर उभे. रक्तदाब घरी दोन आठवडे मोजला तेव्हा तो १३६/८६ च्या आसपास राहिला, त्यामुळे गोळी लगेच सुरू झाली नाही. डॉक्टर म्हणाले, "पळू द्या, पण सावकाश."

'सावकाश' या शब्दाचा अर्थ समजवायला मला तीन आठवडे लागले.

सावकाश म्हणजे किती सावकाश

नव्याने पळणाऱ्यांसाठी जगभर जो कार्यक्रम वापरतात तो जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये बनवला, मुख्यतः स्वतःच्या आईसाठी. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग एक मिनिट पळायचं आणि दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. शेवटी सलग अर्धा तास पळणं. कार्यक्रम चांगला आहे, पण त्यात पाचव्या आठवड्यात एक उडी आहे. एके दिवशी आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे आणि पुढच्याच वेळी सलग वीस मिनिटं. पंचविशीतल्या माणसाला ते जमून जातं. दाजींसाठी मी ती उडी काढून टाकली आणि नऊ आठवड्यांचे चौदा केले.

"एक मिनिट? एक मिनिट पळायला मी बूट घेतलं का?" दाजी म्हणाले.

तरी पहिल्या दिवशी पळण्याच्या चौथ्या मिनिटालाच त्यांना धाप लागली, कारण ते मिनिटही चढाईचंच होतं. जो कधीच खेळला नाही त्याला वेग शिकवणं सोपं असतं, त्याच्या डोक्यात वेग नावाची काही चीजच नसते. जुना खेळाडू कठीण. त्याच्या पायांना पंचवीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं आणि मधल्या काळात आलेलं पोट मात्र त्यांच्या हिशेबात नसतं.

पळताना बोलता आलं पाहिजे, हा जुना नियम आहे. पण "बोलता येतंय का?" विचारलं की दाजी "हो" म्हणायचे, आणि एका अक्षरासाठी कुणालाही श्वास पुरतो. म्हणून मी त्यांना खतांचे तेव्हाचे भाव म्हणायला लावले. "युरिया दोनशे सहासष्ट पन्नास, डीएपी तेराशे पन्नास, दहा-सव्वीस-सव्वीस चौदाशे सत्तर." हे एका दमात आलं तर वेग बरोबर. डीएपीपाशी श्वास तुटला तर वेग कमी करायचा. युरियालाच तुटला तर चालायचं. ही युक्ती मी आता दवाखान्यातही वापरते. शिक्षकांना पाढे म्हणायला सांगते आणि एसटीच्या वाहकांना थांब्यांची नावं.

भाव नीट येऊ लागले तेव्हा दाजींचा वेग किलोमीटरला साडेआठ मिनिटं होता. भरभर चालणारी माणसं त्यांच्या बरोबरीने जायची. दोन मावशी तर गप्पा मारत पुढे निघून जायच्या. दाजींना खरा त्रास झाला तो याचा. गिऱ्हाईक बघेल म्हणून ते पाचऐवजी साडेचारला उठू लागले, मग कुत्री मागे लागायला लागली. शेवटी आक्काने सुनावलं, "लोकांनी बघितलं तर बघितलं. पायऱ्यांवर बसलेलं बी बघितलंच की." तेव्हापासून परत पाच.

वजनाबद्दल एवढंच सांगते की ते पाच आठवड्यांत जेमतेम सव्वा किलो उतरलं. पळताना किलोमीटरमागे साधारण जेवढे किलो वजन तेवढ्या कॅलरी खर्च होतात. तीन किलोमीटरला त्यांच्या अडीचशे-पावणेतीनशे. रविवारी मैदानावरून थेट मिसळ खायला जायचे, त्या एका बैठकीत सगळं व्याजासकट परत. मी बोलले नाही. नवीन माणसाचं सगळं एकदम काढून घेतलं तर तो पळणंच सोडतो.

सहावा आठवडा

एप्रिल उजाडला तोवर दाजी बदलले होते. सलग पाच मिनिटं पळू लागले. बसल्या जागी नाडी ८४ वरून ७४ वर आली. जिने चढताना बोलू लागले. आक्का म्हणाली घोरणंही कमी झालंय. सगळे खूश, मीही खूश.

आणि इथेच मी गाफील राहिले.

शरीराचे सगळे भाग एकाच गतीने शिकत नाहीत. पळायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. सहा-आठ आठवड्यांत स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. म्हणून दम लवकर सुधारतो. हाडाचं तसं नसतं. त्याच्यावर नवा भार पडला की आधी जुना भाग पोखरून काढला जातो आणि त्या जागी नवा भरतो. भिंतीची दुरुस्ती करताना गवंडी आधी सुटलेला गिलावा पाडतो, तसंच. हे चक्र पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात, म्हणजे बरोबर पहिल्या-दुसऱ्या महिन्यात, हाड आधीपेक्षा थोडं हळवं असतं. टाचेच्या वरची शीर, पोटरीचे धागे, हेही त्याच सावकाश चालीचे. थोडक्यात, सहाव्या आठवड्यात माणसाचा दम त्याला सांगतो 'चल', आणि नडगी अजून घरातून निघालेलीही नसते.

दाजींना पुतण्या म्हणाला, "काका, रविवारी घाटात येता का?" मला कोणी विचारलं नाही. यवतेश्वरचा घाट दोन-अडीच किलोमीटर चढून गेले, बहुतेक चालतच. वर हवा गार, खाली सगळं सातारा, अजिंक्यतारा समोर. दाजींना वाटलं आपण जिंकलं. उतरताना पुतण्याने पळायला सुरुवात केली आणि दाजी त्याच्या मागे सुटले. उतारावर दम लागतच नाही. खतांचे भाव काय, सगळ्या कीटकनाशकांची यादीसुद्धा म्हणता आली असती. आणि माझी सावकाशीची परीक्षा तर फक्त दमाची होती.

सपाटीवर पळताना प्रत्येक पावलाला पायावर वजनाच्या अडीचपट भार येतो. दाजींच्या बाबतीत सव्वादोनशे किलो, म्हणजे डीएपीच्या साडेचार गोण्या, एका पायावर, किलोमीटरला सहाशेहून जास्त वेळा. उतारावर वेग आवरायला पाऊल पुढे टाकून ब्रेक मारावा लागतो, तेव्हा हा दणका आणखी वाढतो.

मंगळवारी उजवी नडगी ठणकायला लागली. आतल्या बाजूने, घोट्याच्या वर वीतभर अंतरात. दाजींनी कोणाला सांगितलं नाही. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या, पळायच्या आधी एक घ्यायचे आणि क्रेप बँडेज गुंडाळून मैदानावर जायचे. असे नऊ दिवस. दुखणं दाबून पळायचं हे चूकच, शिवाय या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, आणि यांचा आधीच काठावर होता. शेवटी आक्काच्या लक्षात आलं. "जिन्यावरून आडवं उतरतायत बघ," ती फोनवर म्हणाली.

नडगी की चीर?

नडगीच्या दुखण्यात एकच प्रश्न महत्त्वाचा असतो. हाडाच्या कडेला नुसती सूज आहे, की हाडात केसाएवढी चीर पडलीय? पहिलं असेल तर काही आठवडे जातात. दुसरं असेल तर काही महिने, आणि दुर्लक्ष केलं तर मोडायचीही भीती.

मी दाजींना टेबलावर बसवून अंगठ्याने नडगीची आतली कड खालून वर दाबत गेले. दुखणारी जागा चार बोटांहून जास्त लांब होती, पसरलेली. बोट ठेवून 'इथेच' असं ते एका बिंदूवर सांगू शकत नव्हते. हे बरं लक्षण. रात्री झोपेत ठणकत नव्हतं, हेही बरं. एका पायावर उड्या मारायला सांगितल्यावर दुखलं, पण दहा उड्या मारता आल्या. चीर असती तर दुसऱ्या-तिसऱ्या उडीलाच बहुधा थांबले असते.

दाजींना एक्स-रे हवा होता. फोटोत दिसलं की समाधान होतं आपल्याला. पण अशी चीर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही, त्यासाठी एमआरआय लागतो, आणि तो काही स्वस्त नाही. आम्ही ठरवलं, दहा दिवस पळणं पूर्ण बंद. दुखणं कमी झालं नाही किंवा एका जागी गोळा झालं, तर एमआरआय. सहाव्या दिवशी चालताना दुखायचं थांबलं. एमआरआय लागला नाही.

मग टाचा उचलायला लावल्या. एका पायावर उभं राहून, भिंतीला नुसतं बोट टेकवून, टाच वर-खाली. डाव्या पायावर ११ झाल्या, उजव्यावर ७. माझ्या डोळ्यांपुढे पहिल्या दिवशी दिलेला व्यायामाचा कागद आला. त्यावर पोटरीचे व्यायाम लिहिले होते, आणि सहा आठवड्यांत ते करतायत का हे मी एकदाही विचारलं नव्हतं. कागद कुठाय म्हटल्यावर दाजींनी प्रामाणिकपणे सांगितलं, दुकानात काट्याखाली ठेवलाय, काटा डुगडुगत होता म्हणून. दवाखान्यातल्या पेशंटला मी दर आठवड्याला करून दाखवायला लावते. घरच्या माणसाला कागद देऊन मोकळी झाले.

पोटरी ही नडगीची ढाल असते. ती थकली की पुढचा दणका थेट हाडावर. ती सात उचलण्यांत थकत असेल तर तीन किलोमीटरच्या दोन हजार पावलांत काय होत असेल!

रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व १२ निघालं, २० च्या खाली कमतरता धरतात. उन्हाच्या देशात राहतो खरे, पण सूर्य उगवायच्या आत मैदान आणि मग दिवसभर शटरच्या आत. डॉक्टरांनी आठवड्याला एक याप्रमाणे आठ पुड्या दिल्या.

पुन्हा शून्यापासून नाही, पण दोनापासून

परत कधी पळायचं हे तारखेवर ठरवलं नाही. तीस मिनिटं चालून दुखू नये, दाबून दुखू नये, एका पायावर पंधरा उड्या न दुखता व्हाव्यात आणि दोन्ही पायांवर वीस-वीस टाचा उचलता याव्यात. तोवर जुनी सायकल. टाचा दुकानाच्या पायरीवर, शटरला धरून, दिवसातून दोनदा, त्यातल्या निम्म्या गुडघा वाकवून, कारण पोटरीचा खोल भाग तसाच कामाला लागतो. गिऱ्हाइकं विचारायची. दाजी सांगायचे, "मेहुणीनं शिक्षा दिलीया."

अडीच आठवड्यांनी, मे लागता लागता, परत सुरुवात केली ती दुसऱ्या आठवड्याच्या पाठापासून. दीड मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. दम पाच मिनिटांचा आणि परवानगी दीडची. पहिल्या महिन्यात न रागावलेला माणूस तेव्हा रागावला. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

या वेळी दोन गोष्टी बदलल्या. उजवं पाऊल अर्ध्या मिनिटात किती वेळा टेकतं ते मोजलं, ३७. म्हणजे मिनिटाला ७४ उजवी आणि तितकीच डावी, एकूण १४८. लांब लांब ढांगा टाकत होते, कबड्डीच. वेग तोच ठेवून पावलं लहान करायला लावली, ३९-४० होईपर्यंत. पाऊल शरीराच्या पुढे न पडता खाली पडायला लागलं की दणका कमी होतो. पहिल्या आठवड्यात म्हणाले, "बाईमाणसासारखं पळतोय." मी म्हटलं, ललिता बाबर आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातली. तिने रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. तिच्यासारखं पळा, माझी काही हरकत नाही.

दुसरी गोष्ट बूट. आधीचे तंग होते, अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. पाय संध्याकाळी फुगलेले असतात, तेव्हा दुकानात जायचं, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवायची आणि घालून चालताना जो आरामशीर वाटेल तो घ्यायचा. तळपायाची कमान बघून बूट निवडून दिल्याने दुखापती कमी होतात का, हे अमेरिकी लष्करात भरती झालेल्यांवर तपासून पाहिलंय. फरक पडला नाही. त्यामुळे दुकानदाराने पाय मशीनवर ठेवायला सांगितला तर ठेवा, पण त्यासाठी दोन हजार जास्त देऊ नका.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. आठवड्याचे तीन दिवस कधी दोन झाले, पेरणीच्या हंगामात तर दुकानातून मान वर काढायला फुरसत नव्हती. तेव्हा एकच दिवस. चौदा आठवड्यांचे सोळा झाले. एक नियम मात्र पाळला, राहिलेला दिवस भरून काढायला दोन दिवस लागोपाठ पळायचं नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दाजी सलग तीस मिनिटं पळाले. ३.६ किलोमीटर. मी सोबत होते. शेवटच्या मिनिटाला त्यांनी न सांगता भाव म्हणायला सुरुवात केली आणि दहा-सव्वीस-सव्वीसपर्यंत आले. वजन तोवर ८३.५, कंबर ९९, रक्तदाब १३०/८२, साखर ५.८. आकडे अजून हिरव्या रेषेत नाहीत. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी परत बघू.

हिल मॅरेथॉनला ते पळाले नाहीत, हे सांगायला नको. घाटात पाण्याच्या टेबलावर उभे राहिले, धुक्यात, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ घेऊन. पुतण्या त्यात पळाला. त्या रविवारनंतर दोन आठवड्यांनी दाजींचा फोन आला, घाट चढायचाय, चालेल का? मी म्हटलं, चढा. चढणीला दणका कमी असतो, दमाचा प्रश्न तर आता नाही.

चढले. चालत-पळत, न बसता, वरच्या मंदिरापर्यंत. आणि उतरले ते पुतण्याच्या मोटरसायकलवर, मागे बसून.